पंच क्रमांक एक

पोलीस ठाण्याकडून कार्यालयात पत्र येतं त्यात फार काही नसतं. कारवाईसाठी दोन शासकीय पंच पाठवावेत, कामाचं स्वरूप गोपनीय आहे, एवढंच. गंभीर गुन्ह्यात सरकारी कर्मचारीच पंच म्हणून घ्यायचे, अशी आता पद्धत आहे. मी तेव्हा सोलापूरला पाटबंधारे उपविभागात लिपिक होतो. साहेबांनी माझं आणि आमच्या एका कालवा निरीक्षकाचं नाव लिहून दिलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतरचा पावसाळा होता. काम अमली पदार्थाचं आहे हे ठाण्यात पोचल्यावर कळलं.

मला हे लिहावंसं वाटतं कारण अमली पदार्थांच्या कायद्याबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते सगळं पकडलेल्या मालाच्या किमतीबद्दल. बातमीत किती कोटींचा माल ते येतं. कुणाच्या ताब्यात होता, ते कसं ठरवलं, वजन कशाचं केलं, हे येत नाही. आणि आरोपीची वीस वर्षं जाणार की एक, की तो सुटणार, ते नेमकं यावरच ठरतं. या गोष्टी रस्त्याच्या कडेला, तासा-दोन तासांत होतात आणि त्या पाहणारे बाहेरचे डोळे फक्त दोन पंचांचे असतात.

कायद्याचं नाव लांबलचक आहे: गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. ठाण्यात, कोर्टात, तुरुंगात सगळे एनडीपीएसच म्हणतात. सहायक पोलीस निरीक्षकांनी आम्हाला बसवून सांगितलं की हैदराबादकडून एक गाडी येतेय, तिच्यात गांजा आहे अशी खबर आहे. खबर त्यांनी स्टेशन डायरीत लिहिली होती आणि तिची प्रत वरिष्ठांकडे पाठवली होती. ती नोंद त्यांनी आम्हाला वाचायला दिली. त्या वेळी मला तो नुसता सोपस्कार वाटला. कलम ४२ खाली मिळालेली माहिती लिहून ठेवणं आणि ७२ तासांच्या आत वरिष्ठांना कळवणं बंधनकारक आहे आणि त्यावरून अख्खे खटले उभे राहतात नाहीतर कोसळतात, हे कोर्टात उभा राहिलो तेव्हा समजलं.

निघण्याआधी पोलिसांनी आमची अंगझडती घेतली आणि आम्ही त्यांची घेतली. गाडीत माल आधीच ठेवला, असं नंतर कुणी म्हणू नये म्हणून. जीपमध्ये लॅपटॉप, छोटा प्रिंटर, खाकी पाकिटं, सुतळी, लाख, मेणबत्त्या, पितळी सील आणि तपासणी संच. वाटेत एका किराणा दुकानदाराला त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यासकट बरोबर घेतलं. पंचनाम्यात त्याचा उल्लेख ‘वजनमापाडी’ असा झाला.

नळदुर्गच्या अलीकडे गाडी अडवली. आत तिघं. चालवणारा, त्याच्या शेजारी एक, आणि मागच्या सीटवर बावीस-तेवीस वर्षांचा एक पोरगा. पोरगा उतरल्या उतरल्या म्हणाला, “साहेब, मी उमरग्याला बसलोय. सोलापूरला सोडतो म्हणाले.” त्याच्या मांडीवर एक सॅक होती. तिच्यात कपडे, डबा आणि आयटीआयची कागदपत्रं प्लास्टिकच्या फोल्डरात.

अंगझडतीच्या आधी तिघांना वेगवेगळी नोटीस दिली. कलम ५०. तुमची झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घेतली जावी, असा तुम्हाला हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये सांगितलंय की हा हक्क आहे हे त्या माणसाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. तोंडदेखलं विचारून चालत नाही. चालवणारा म्हणाला, “घ्या की झडती, मी कुठं नाही म्हणतोय?” अधिकारी मात्र थांबले. तहसील कार्यालयातले एक राजपत्रित अधिकारी येईपर्यंत कुणाच्या खिशाला हात लावू दिला नाही. तो वेळ आम्हाला फार मोठा वाटला, पाऊस सुरू झाला होता. पण ते थांबणं किती मोलाचं होतं ते मला आता कळतं. काही ठिकाणी नोटिशीत तिसरा पर्याय घालतात, ‘किंवा माझ्याकडूनच झडती घेऊ द्या’ असा. २०१४ मध्ये राजस्थानच्या एका खटल्यात असल्या तिसऱ्या पर्यायावर सर्वोच्च न्यायालयानं बोट ठेवलं आणि आरोपी सुटले.

हे कलम अंगझडतीपुरतंच आहे. पिशवी, सॅक, गाडीची डिकी यांना ते लागू होत नाही, असं न्यायालयानं २००५ मध्येच म्हटलंय. पुष्कळांना वाटतं की नोटीस दिली नाही म्हणजे सगळं फोल. तसं नाही.

अंगझडतीत कुणाकडे काही सापडलं नाही. चालवणाऱ्याच्या पँटच्या उजव्या खिशात किल्ल्यांचा जुडगा होता. डिकी त्याच जुडग्यातल्या किल्लीनं उघडली. स्टेपनीच्या खाचेत, वर रेक्झिन टाकून झाकलेले खाकी चिकटपट्टीत गुंडाळलेले दहा पुडे. मी डिकीच्या डाव्या बाजूला उभा होतो. पोरगा रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला एका शिपायाजवळ उभा होता. पहिला पुडा बाहेर काढला तेव्हा तो पुढं येऊन बघायला लागला आणि शिपायानं त्याला मागं ओढलं.

एक पुडा कापला. हिरवट तपकिरी, दाबून चेपलेला, बोंडं आणि बी असलेला माल. ज्याला हा वास माहीत आहे त्याला दुसऱ्या तपासणीची गरज नाही, तरी संचातल्या द्रावणानं तपासणी झाली.

मग वजन. दहा पुड्यांचं मिळून २० किलो ७०० ग्रॅम भरलं. लिहिणारा हवालदार आकडा टाइप करू लागला तेवढ्यात आमचे कालवा निरीक्षक म्हणाले, “साहेब, ह्यात प्लास्टिक आणि पट्टी पण आलीय की. ती कुठं वजा केली?” त्यांची आयुष्यभराची नोकरी पाणी मोजण्यात गेली. किती सोडलं आणि किती पोचलं हे वेगवेगळं लिहिण्याची त्यांना सवय. अधिकाऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि सगळे पुडे ताडपत्रीवर सोडवायला सांगितले. आवरणं बाजूला काढून पुन्हा वजन केलं. १९ किलो ६५० ग्रॅम. दोन्ही आकडे पंचनाम्यात आले, आवरणाचं वजनही वेगळं आलं.

त्या एक किलो पन्नास ग्रॅम प्लास्टिकनं काय केलं ते इथं सांगायला हवं.

२००१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि शिक्षा मालाच्या प्रमाणावर ठरू लागली. प्रत्येक पदार्थाला दोन आकडे आहेत. गांजाला १ किलो आणि २० किलो. एक किलोच्या आत अल्प प्रमाण: एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. वीस किलोच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण. तिथं कमीत कमी दहा वर्षं आणि जास्तीत जास्त वीस, दंडही किमान एक लाख. न्यायाधीशांना दहाच्या खाली येण्याची मुभाच नाही. शिवाय व्यापारी प्रमाण असलं की कलम ३७ आडवं येतं: आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि तो बाहेर जाऊन पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टींची न्यायालयाची खात्री पटली तरच जामीन. दोषारोपपत्र दाखल करायला पोलिसांना १८० दिवस मिळतात आणि ते वाढवूनही घेता येतात. म्हणजे २० किलो ७०० आणि १९ किलो ६५० यांच्यामध्ये एका तरुण माणसाची उमेदीची वर्षं होती. ती चिकटपट्टीवर ठरावी, हे मला आजही सहन होत नाही.

एक सांगायला पाहिजे. आवरण आणि भेसळ या वेगळ्या गोष्टी आहेत. हेरॉइनमध्ये पावडर मिसळलेली असेल तर आता शुद्ध हेरॉइन किती हे बघत नाहीत, मिश्रणाचं सगळं वजन धरतात. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तसा निकाल दिलाय. गांजाचं आणखी निराळं. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाची फुलं किंवा फळं धरलेली बोंडं. नुसती पानं आणि नुसतं बी, बोंडं सोबत नसतील तर, त्यात येत नाही. म्हणून पंचनाम्यात मालाचं वर्णन नीट आलं पाहिजे: बोंडं होती का, काड्या होत्या का. ‘गांजासदृश वनस्पती’ एवढं लिहून भागत नाही.

प्रत्येक पुड्यातून २४ ग्रॅमचे दोन दोन नमुने काढले. खाकी पाकिटं, सुतळीची गाठ, वर लाख, लाखेवर सील. लेबलांवर आम्हा दोघांच्या सह्या. पावसात मेणबत्ती विझायची, शिपाई तिच्यावर फाइल धरून उभे राहायचे. घरी गेलो तेव्हा बोटांना लाख चिकटलेली होती.

तिघांवर गांजा बाळगल्याबद्दल कलम ८(क), २०(ब) आणि कट म्हणून कलम २९ लागलं. पोराला पण तेच.

त्यानंतर कार्यालयात मला लोक विचारायला लागले, जणू मी वकील आहे. एका सहकाऱ्याचा भाचा पुण्यात शिकायला, त्याच्या खोलीत थोडा गांजा सापडला होता. “त्याचा नव्हता हो, मित्रानं ठेवायला दिला होता,” असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला जे समजलं होतं ते मी त्यांना सांगितलं. ताबा म्हणजे मालकी नव्हे. वस्तू काय आहे हे माहीत असून ती तुमच्या हाताखाली असेल तर तो ताबा, मग ती कुणाची का असेना. पण प्रमाण अल्प असेल आणि मुलगा व्यसनात अडकलेला असेल, तर कलम ६४-अ आहे. सरकारमान्य केंद्रात स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार पुरे केले नाहीत तर ती सूट जाते. हे कलम वकिलानं वेळेवर मांडावं लागतं. घरचे मात्र पहिले काही दिवस नातेवाइकांपासून लपवण्यात घालवतात.

दुसरी गोष्ट पालकांना सांगितलीच पाहिजे. पोरं गांजाचा अंदाज इतर पदार्थांना लावतात. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, २०१५ पासून या कायद्यात आहे. त्याचं अल्प प्रमाण २ ग्रॅमपर्यंत आणि ५० ग्रॅमच्या वर व्यापारी. चरस १०० ग्रॅम आणि १ किलो. कोकेन २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. २०२४ च्या फेब्रुवारीत कुरकुंभच्या कारखान्यातून एमडीचा प्रचंड साठा निघाला तेव्हा सगळ्यांनी बातम्या वाचल्या. पण मित्रांसाठी म्हणून साठ ग्रॅमची पुडी स्वतःजवळ ठेवणारा विद्यार्थी कायद्याच्या त्याच रकान्यात जाऊन बसतो, हे कुणाच्या घरात बोललं जात नाही.

समन्स आलं तोपर्यंत माझी पंढरपूरला बदली झाली होती. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात एनडीपीएसचं विशेष कोर्ट. सरकारी वकील मॅडमनी आदल्या दिवशी पंचनामा वाचायला दिला आणि बजावलं, “जे पाहिलंत तेवढंच सांगा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा.” मला एवढा सल्ला पुरला.

सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांनी विचारलेले प्रश्न, सरळ झाला. मुद्देमाल समोर आणला, पाकिटांवरची सील आणि आमच्या सह्या ओळखल्या. पंच फितूर होतात ते बहुतेक याच टप्प्यावर: सही माझी आहे, पण मजकूर मला माहीत नाही, असं म्हणतात. त्यांनाही मी सरसकट दोष देणार नाही. कितीतरी पंचांना पंचनामा वाचूनच दाखवलेला नसतो.

उलटतपासाला तीन वकील. पहिल्यानं विचारलं, याआधी किती पंचनाम्यांवर सह्या केल्यात? पोलिसांचे नेहमीचे पंच तुम्ही? मग गाडी अडवली तेव्हा सूर्य मावळला होता का, असं विचारलं. हा प्रश्न मला विचित्र वाटला, पण त्याला कारण होतं. कलम ४२ खाली सूर्यास्तानंतर वॉरंटाशिवाय झडती घ्यायची तर तशी कारणं लिहावी लागतात. सरकार पक्षाचं म्हणणं, रस्ता ही सार्वजनिक जागा, तिथं कलम ४३ लागतं आणि त्याला ते बंधन नाही. आरोपीचं म्हणणं, गाडी खासगी, म्हणून ४२ च. मी सांगितलं, ढग होते, उजेड होता, मला गाडीचा नंबर दिवा न लावता वाचता आला.

दुसऱ्यानं नमुन्यांवर बोट ठेवलं. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढले का? नाही, रस्त्यावर काढले. कलम ५२-अ प्रमाणे जप्त मालाची यादी आणि नमुने दंडाधिकाऱ्यांकडून प्रमाणित करून घ्यायचे असतात. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते बजावलं आणि डिसेंबर २०२२ पासून त्याचे स्वतंत्र नियम आहेत. आमच्या कारवाईत मालाची यादी आणि फोटो नंतर दंडाधिकाऱ्यांपुढे झाले होते, नमुने मात्र आधीच निघाले होते. त्यावर मोठा युक्तिवाद झाल्याचं नंतर कळलं. या एका त्रुटीनं सगळा खटला आपोआप पडत नाही, बाकीचा पुरावाही बघायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये म्हटलं होतं. सरकारी वकिलांनी ते पुढं केलं.

तिसरे वकील पोराचे. विधी सेवा प्राधिकरणानं दिलेले, वयानं लहान, आवाज चढवत नव्हते. त्यांनी विचारलं, डिकीची किल्ली कुणाकडे मिळाली? चालवणाऱ्याच्या खिशात. माझ्या अशिलाच्या सॅकमध्ये काय होतं? कपडे, डबा, आयटीआयची कागदपत्रं. अंगावर काही? नाही. मागच्या सीटवर बसलेल्याला डिकीतल्या स्टेपनीची खाच दिसते का? दिसत नाही. डिकी उघडली तेव्हा तो कुठं होता? रस्त्याच्या पलीकडे. पहिला पुडा काढल्यावर त्यानं काय केलं?

मी सांगितलं, तो बघायला पुढं आला.

सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही. न्यायाधीशांनी ते वाक्य स्वतः लेखनिकाला सांगून लिहून घेतलं.

या कायद्यात दोन कलमं आरोपीच्या विरुद्ध झुकलेली आहेत. ३५ आणि ५४. माल ताब्यात असल्याचं सिद्ध झालं की त्याला माहीत होतं असं न्यायालय गृहीत धरतं आणि मग माहीत नव्हतं हे त्यानं सिद्ध करायचं. बहुतेक गुन्ह्यांत असं नसतं. पण आधी ताबा तरी सरकारनं सिद्ध करायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालात स्पष्ट आहे. आणि पोलिसांनी कलम ६७ खाली घेतलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे २०२० मध्ये ठरलं. म्हणून मग सगळा भार पडतो तो किल्ली कुठं होती, सॅक कुणाची होती, कोण कुठं उभं होतं असल्या साध्या गोष्टींवर. त्या पंचनाम्यात आल्या तर येतात. आमच्या पंचनाम्यात किल्ली होती, सॅक होती. पोरगा कुठं उभा होता ते नव्हतं.

१ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालंय. ते फार चांगलं झालं. तरी कॅमेरा डिकीकडे तोंड करून धरलेला असतो. रस्त्याच्या पलीकडे बघायला माणूसच लागतो. पंच म्हणून जाणाऱ्या कर्मचाऱ्याला शासनानं अर्धं पान साध्या मराठीत लिहून दिलं पाहिजे: काय बघायचं, कशाची नोंद झाली की नाही हे विचारायचं, वाचल्याशिवाय सही करायची नाही. आज आपण माणसाला जीपमध्ये बसवतो आणि त्याच्या सहीवर दुसऱ्याची दहा वर्षं ठेवतो.

निकाल २०२५ च्या शेवटी लागला. कोर्टातल्या पैरवी हवालदारानं, म्हणजे पोलिसांतर्फे खटल्यांचं काम बघणाऱ्यानं, फोन करून सांगितलं. चालवणारा आणि त्याच्या शेजारचा, दोघांना मधल्या प्रमाणाखाली सात वर्षं आणि दंड. त्यांचं अपील उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे आहे. पोरगा सुटला, जाणीवपूर्वक ताबा सिद्ध झाला नाही म्हणून. त्याला उच्च न्यायालयातून जामीन मिळेपर्यंत कित्येक महिने जिल्हा कारागृहात काढावे लागले होते, आधी सत्र न्यायालयानं नाकारला होता. शिक्षा झालेल्या दोघांची कच्ची कैद, म्हणजे निकालाआधी तुरुंगात काढलेला काळ, शिक्षेतून वजा होईल. पोराच्या महिन्यांसाठी असं काही नाही. तो आता उमरग्यात एका गॅरेजमध्ये कामाला आहे, असं त्याच्या वकिलांनी सांगितलं.